मागच्या ॲक्सलचा हिशेब

मोटार घेताना आपल्या घरांतून विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. किंमत किती, लिटरमागे किती किलोमीटर धावते, इंजिन किती ताकदीचे, पुढे विकताना किती येतील. रंगावरही दोन दिवस चर्चा होते. परंतु ‘मागचा ॲक्सल कसला आहे?’ असे शोरूममध्ये कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तसे विचारण्याचे कारणही नसते. कारखान्यातील अभियंत्यांनी तो प्रश्न आपल्या वतीने आधीच सोडवलेला असतो. मात्र जो माणूस आपली मोटार स्वतःच्या हातांनी बांधतो, त्याच्यापुढे हा प्रश्न उभा राहतो, आणि इंजिन जितके बलवान तितका तो अधिक अवघड होतो.

माझ्या मुलापुढे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी त्याच्याकडे इंग्लंडमध्ये होतो. २०१७ सालचा तो उन्हाळा. बँकेच्या कर्जविभागातील दीर्घ नोकरीनंतर मी निवृत्त झालो होतो आणि तीन महिने मुलाच्या घरी राहण्याचा योग आला होता. मुलगा अभियंता आहे. त्याच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये एक अर्धवट मोटार उभी होती: लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यावर फायबरग्लासचे गोलसर अंग, चाके नाहीत, आसने नाहीत. कोणा गृहस्थाने हौसेने सुरू करून मध्येच सोडलेले ते काम मुलाने विकत घेतले होते.

घरी मोटार बांधण्याची ही हौस ब्रिटनमध्ये जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी एक कर आहे हे व्यापारी वाचकांना वाचायला आवडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे तयार मोटारीवर जबर खरेदी कर असे. तीच मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने घेऊन ग्राहकाने घरी जोडली, तर तो कर लागत नसे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही या पद्धतीने घरोघर जोडली गेलेली सर्वांत प्रसिद्ध मोटार. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. हौस मात्र संपली नाही. आजही अशा मोटारीची सरकारी तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाली की रीतसर क्रमांक मिळतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. त्यामुळे ही हौस आपल्या घरांत दिसत नाही.

मुलाची मोटार ‘कोब्रा’ या प्रसिद्ध मोटारीच्या घाटाची होती. तिच्यासाठी त्याने रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरचे, ४.६ लिटरचे इंजिन मिळवले होते. या इंजिनाचा वंश अमेरिकन आहे. ब्युइक कंपनीने १९६१ साली बाजारात आणलेले हे ॲल्युमिनियमचे हलके इंजिन तेथे फार चालले नाही. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले, १९६७ पासून आपल्या मोटारींत बसवले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ वापरले. एकाने टाकलेला माल दुसऱ्याने पारखून घेतला आणि त्यावर पिढीभर धंदा केला, असाच हा व्यवहार. मुलाकडील इंजिनाची ताकद सुमारे २२५ अश्वशक्ती होती. आणखी काही खर्च करून ती पावणेतीनशेपर्यंत नेण्याचा त्याचा बेत होता. पूर्ण झाल्यावर मोटारीचे वजन हजार किलोच्या आसपास राहणार होते. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक छोट्या मोटारींची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आतबाहेर असते हे लक्षात घेतले, म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

आणि या इंजिनाच्या मागे, चौकटीला आधीच बसवलेला ॲक्सल होता तो एका जुन्या मध्यम आकाराच्या सेडानचा. ती सेडान साध्या इंजिनावर चालणारी, सभ्य कुटुंबाची गाडी. पहिल्या मालकाने मोटार बांधायला घेतली तेव्हा त्याच्या मनात लहान इंजिन होते. आता इंजिन बदलले होते. ॲक्सल तोच होता.

हा भाग करतो तरी काय, हे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, “अण्णा, चार कामे करतो. इंजिनाकडून येणारा शाफ्ट मोटारीच्या लांबीच्या दिशेने फिरतो. ते फिरणे काटकोनात वळवून चाकांना देतो. वेग कमी करून जोर वाढवतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. आणि या जुन्या पद्धतीच्या ॲक्सलमध्ये मोटारीच्या मागच्या भागाचे वजनही तोच पेलतो.” पहिली दोन कामे क्राउन आणि पिनियन या दातेरी जोडीची, तिसरे डिफरन्शियलचे आणि चौथे भोवतीच्या पोलादी हाउसिंगचे.

बैलगाडीच्या आसावर वाढलेल्या माझ्या पिढीला चौथे काम लगेच कळले. बाकीच्या तिन्हींसाठी मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

मुलाचे म्हणणे होते की हाच ॲक्सल पुरेल. तो बेफिकीर नाही. त्याने हिशेब केलेला होता आणि तो माझ्यापुढे ठेवला. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. त्याच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे ३८० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो ३.३२ पट होतो, ॲक्सलमध्ये आणखी ३.७ पट. म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून सुमारे ४,६७० न्यूटन-मीटर. त्या जुन्या सेडानचे इंजिन सुमारे १५० न्यूटन-मीटरचे; तिच्या पहिल्या गिअरमध्ये ३.६ पट आणि ॲक्सलमध्ये ३.७ पट होऊन चाकांवर साधारण २,००० न्यूटन-मीटर येत. या ॲक्सलने जन्मभर २,००० पाहिले, आणि आता त्याच्यावर ४,६७० येणार! मी म्हणालो, “हे तर दुपटीहून जास्त झाले.”

“तसे नाही, अण्णा,” तो म्हणाला. “टायर तेवढे घेऊच शकत नाही.” त्याने दुसरा हिशेब मांडला. जोरात निघताना मोटारीचे वजन मागे झुकते. मागच्या चाकांवर साधारण ६५० किलो येतील असे धरावे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर रबराची पकड जवळजवळ वजनाइतकीच असते. चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर. या तिन्हींचा गुणाकार सुमारे २,०४० न्यूटन-मीटर येतो. जोर त्यापलीकडे गेला की टायर जागीच घसरतो आणि वरचा सगळा जोर रबर जाळण्यात जातो. म्हणजे इंजिनाने ४,६७० देऊ केले तरी ॲक्सलमधून रस्त्यापर्यंत पोहोचणार २,०४०. मोटार हलकी असेल तर टायर हाच ॲक्सलचा रक्षक असतो. म्हणूनच त्या छोट्या लोटस सेव्हनच्या वंशातील मोटारी सामान्य सेडानच्या ॲक्सलवर वर्षानुवर्षे धावल्या. उलट मोटार जड असेल किंवा रुंद, चिकट टायर लावले असतील, तर तेच इंजिन तोच ॲक्सल मोडू शकते. ॲक्सल निवडताना केवळ अश्वशक्ती पाहणारा माणूस निम्माच हिशेब पाहतो.

त्याचे हे म्हणणे मला पटले. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही, परंतु समोर मांडलेला हिशेब खरा आहे की सजवलेला, हे ओळखण्यात माझी नोकरी गेली. हा हिशेब खरा होता. तरीही रात्री झोपताना त्यात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. ते काय, हे दुसऱ्या दिवशी सकाळी सुचले, आणि सुचले ते कॅश क्रेडिटच्या खात्यावरून.

आपल्यापैकी अनेकांची अशी खाती आहेत. वीस लाखांची मर्यादा असलेला एक व्यापारी हंगामात पंधरा दिवस पूर्ण उचल करतो, मग माल विकला जातो आणि खाते खाली येते. दुसऱ्याचीही मर्यादा वीस लाखांचीच; पण त्याचे खाते बाराही महिने एकोणीस लाख नव्वद हजारांवर टेकलेले. दोघांची कमाल उचल सारखीच. तरी कोणताही अनुभवी अधिकारी दोन्ही खाती एका नजरेने पाहणार नाही. दुसऱ्याच्या खात्यात श्वास घ्यायला जागा नाही. एखादी वसुली आठ दिवस लांबली की चेक परत जातो.

मी मुलाला विचारले, “त्या सेडानमध्ये हा ॲक्सल दोन हजारांचा भार कधी घेत होता?”

“पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर. दोन-तीन सेकंद.”

“आणि तुझ्या मोटारीत?”

तो पेन्सिल घेऊन बसला. पहिल्या गिअरमध्ये टायर घसरेपर्यंत, म्हणजे पूर्ण मर्यादेइतका. दुसऱ्या गिअरमध्ये ३८० गुणिले २.०९ गुणिले ३.७, म्हणजे २,९४० च्या आसपास. तेथेही पूर्ण मर्यादा. तिसऱ्या गिअरमध्ये १.४ ने गुणले तर १,९६८, जवळजवळ तेवढाच. जुन्या गाडीत जो भार क्वचित दोन-तीन सेकंद येत असे, तो या गाडीत तिसऱ्या गिअरपर्यंत, प्रत्येक वेळी, येणार होता. शिवाय इंजिनाची ताकद वाढवण्याचा बेत होताच.

मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःहून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पोलाद एका मोठ्या भाराने तुटते त्यापेक्षा पुष्कळदा वारंवार येणाऱ्या भाराने थकून तुटते. आणि टायरची मर्यादा ही सावकाश वाढणाऱ्या जोराला लागू आहे, झटक्याला नाही. ओल्या डबक्यात चाक वेगाने फिरत असताना पुढचा कोरडा रस्ता अचानक लागला, तर फिरत्या इंजिनाचा आणि फ्लायव्हीलचा सगळा वेग क्षणात शाफ्टवर आदळतो. तो झटका २,०४० च्या हिशेबात नव्हता.

“आणि तुटला तर काय होते?” हा माझा शेवटचा प्रश्न होता. कर्ज देताना आम्ही तो नेहमी विचारत असू. पैसे बुडण्याचा संभव किती, याच्या जोडीने बुडाले तर किती बुडतील हेही पाहावे लागते.

हे विचारताना माझ्या डोळ्यांपुढे ट्रक होते. कर्जाच्या वाहनांची तपासणी करायला मी घाटरस्त्यांनी पुष्कळ हिंडलो आहे. उसाच्या किंवा वाळूच्या जादा भाराने ट्रकचा ॲक्सल तुटलेला मी अनेकदा पाहिला. ट्रक चढावर जागीच उभा असे, क्लीनर चाकामागे दगड लावून बसलेला असे, आणि ड्रायव्हर चाकाच्या मधोमध असलेले बोल्ट काढून तुटका शाफ्ट लांब ओढून बाहेर काढी. चाक आपल्या जागी शाबूत असे. म्हणून माझी समजूत अशी की ॲक्सल तुटणे म्हणजे खोळंबा. फार तर एक दिवस बुडेल.

मुलाने सांगितले ते ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. ट्रकमध्ये चाकाचे केंद्र हाउसिंगवरच्या बेअरिंगवर बसवलेले असते. वजन हाउसिंग पेलते आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. जुन्या मोटारींच्या सलग ॲक्सलमध्ये बहुधा तसे नसते. तेथे चाक थेट शाफ्टच्या टोकाला जोडलेले असते. शाफ्ट फिरवतोही आणि वजनही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक मोटारीपासून निघून जाऊ शकते.

अशा दोन आसनी मोटारीत बसणाऱ्याची पाठ आणि मागचा ॲक्सल यांत जेमतेम हातभर अंतर असते. दुसरे आसन माझ्या सात वर्षांच्या नातीने आधीच स्वतःच्या नावाने राखून ठेवले होते. सूनबाई दारात उभ्या राहून आमचे बोलणे ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही विचारलेत ते बरे झाले. मी विचारले तर त्यांना वाटते, मला मोटारच नको आहे.”

यानंतर प्रश्न ‘हा ॲक्सल पुरेल का’ असा राहिला नाही. ‘मग कोणता’ असा झाला. येथे मला वाटले होते की सर्वांत मजबूत तो घ्यावा आणि मोकळे व्हावे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९५७ च्या सुमारास आणलेला ‘नऊ इंची’ ॲक्सल शर्यतवाल्यांचा आवडता आहे. तो हजार अश्वशक्तीलाही दाद देत नाही, असे मुलगा म्हणाला. पण सलग ॲक्सलचे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकांबरोबर वरखाली होत असते. हलक्या मोटारीला जड ॲक्सल लावला की प्रत्येक खड्ड्यावर तो जड गोळा उसळतो, टायर रस्त्यावरून उचलला जातो, आणि ज्या पकडीसाठी एवढा खटाटोप तीच जाते. बळकटीलाही वजनाची किंमत द्यावी लागते.

मोटारीच्या मागच्या बाजूच्या रचना मुख्यतः तीन. पहिली सलग ॲक्सल: साधी, स्वस्त, दुरुस्तीस सोपी. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. एमजी कंपनीने १९७३ मध्ये याच रोव्हर वंशाचे साडेतीन लिटरचे इंजिन आपल्या ‘एमजीबी जीटी’ मोटारीत बसवले तेव्हा मागे सलग ॲक्सलच ठेवला होता. पण ते इंजिन १३७ अश्वशक्तीचे होते. दुसरी ‘द दिओं’ रचना, फ्रान्समधील जुन्या द दिओं-बुताँ कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी. हिच्यात जड डिफरन्शियल चौकटीला बांधलेले असते आणि दोन चाके एका हलक्या नळीने जोडलेली असतात. चाके सरळ राहतात आणि स्प्रिंगखालचे वजनही घटते. रोव्हरने १९६३ च्या आपल्या ‘२०००’ मोटारीत ती वापरली. लोटस सेव्हनचा वारसा चालवणाऱ्या केटरहॅमनेही पुढे तीच स्वीकारली. तिसरी स्वतंत्र रचना: डिफरन्शियल चौकटीला, आणि प्रत्येक चाक आपापले वरखाली होणारे.

या तिसऱ्या रचनेचा एक नमुना घरी मोटार बांधणाऱ्यांना फार प्रिय आहे, तो जॅग्वारचा. १९६१ च्या ई-टाइपबरोबर तो आला आणि पुढे कंपनीच्या एक्सजे मालिकेतील सेडानमध्ये दीर्घकाळ राहिला. डिफरन्शियल, ब्रेक आणि सांधे यांसह तो एका पोलादी पिंजऱ्यात अखंड बसवलेला असतो. जुन्या जॅग्वारखालून काढावा आणि आपल्या चौकटीत चढवावा.

मुलाने तो निवडण्यामागे इतिहासही होता. मूळ कोब्राच्या जन्मकथेतही ॲक्सलचाच प्रश्न आलेला आहे. ब्रिटनच्या एसी कंपनीची ‘एस’ ही सुबक मोटार दोन लिटरच्या ब्रिस्टल इंजिनावर चाले. ते इंजिन मिळेनासे होताच १९६१ मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवण्याचा प्रस्ताव दिला. शेल्बी स्वतः १९५९ मध्ये ल मां येथील शर्यत जिंकलेले. इंजिन मोटारीत सहज बसले. पण जुने डिफरन्शियल या इंजिनाला पुरे पडणारे नव्हते. म्हणून सॅल्सबरी बनावटीचे मजबूत डिफरन्शियल घेण्यात आले, तेच जे जॅग्वारच्या ई-टाइपमध्ये होते. पुढे सात लिटरचे इंजिन घालायचे ठरले तेव्हा तर १९६५ च्या कोब्रासाठी चौकटच नव्याने आखावी लागली.

जॅग्वारचा ॲक्सलही निर्दोष नाही, हे मुलाने आधीच सांगितले. त्याचे ब्रेक चाकांत नसून आत, डिफरन्शियलला लागून असतात. त्यांची उष्णता तेलाच्या सीलना बाधते आणि दुरुस्तीसाठी हात पोहोचत नाही. हँडब्रेकचा जोर कमी पडतो अशी जुनी तक्रार आहे. शिवाय चाक फिरवणारा शाफ्टच तेथे वरच्या दांड्याचेही काम करतो. त्याच्या सांध्यांकडे दुर्लक्ष केले तर चाकाचा आधार जातो. फरक एवढाच की हे सांधे झिजताना हाताला कळतात. आत थकत चाललेला शाफ्ट मात्र बाहेरून दिसत नाही.

एका शनिवारी आम्ही जुन्या मोटारींच्या भंगारखान्यात गेलो. तेथे तीन ॲक्सल होते. मुलाने मला ते पारखायला शिकवले. एका बाजूचे टोक हाताने फिरवायचे: दुसरे टोक उलट्या दिशेने फिरले तर डिफरन्शियल साधे, त्याच दिशेने फिरले तर ‘लिमिटेड स्लिप’. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव भागीदारीतल्या जुन्या दुखण्यासारखा आहे. ते दोन्ही चाकांना समसमान जोर देते; त्यामुळे एक चाक चिखलात घसरले की जेवढा जोर ते घेऊ शकते तेवढाच कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो. कमकुवत भागीदाराची ऐपत हीच पेढीची ऐपत ठरते. लिमिटेड स्लिपमध्ये आतील चकत्या दोन्ही बाजूंना काही अंशी बांधून ठेवतात आणि पकड असलेल्या चाकाला जास्त जोर मिळतो. बलवान इंजिनाला हे हवेच.

मग दात्यांचे गुणोत्तर. दोन्ही चाकांचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत इंजिनाकडील टोक किती वेळा फिरते ते मोजायचे. एका ॲक्सलमध्ये ते तीनपेक्षा थोडे कमी भरले, म्हणजे २.८८, दुसऱ्यात सव्वातीनच्या थोडे वर, म्हणजे ३.३१. ताशी ११३ किलोमीटर ही तेथील मोटारवेची मर्यादा. त्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये पहिल्याने इंजिन मिनिटाला सुमारे २,१४० फेरे घेईल, दुसऱ्याने २,४६०. जवळच्या जुन्या ॲक्सलच्या ३.७ ने ते २,७५० च्या घरात गेले असते. मोठ्या इंजिनाला एवढे ओरडवण्याची गरज नसते. ३.३१ चा लिमिटेड स्लिप होता, २.८८ चा साधा. मुलाने ३.३१ चा घेतला.

किंमत साडेतीनशे पौंड. पण नवे सांधे, बेअरिंग, सील, ब्रेकच्या चकत्या आणि चौकटीवरचे जुने आधार कापून नवे आधार जोडणाऱ्या व्यावसायिक वेल्डरची मजुरी धरून एकूण आकडा सोळाशेच्या पुढे गेला. वेल्डिंग मुलाला येते. तरी ज्या जोडावर चाके उभी राहणार तो त्याने स्वतः केला नाही. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ एवढीच होती. मी म्हणालो, “फरकाचे पैसे मी देतो.” तो म्हणाला, “नको, अण्णा. इंजिन आहे तसेच राहू दे. आधी पेलणारे होऊ दे, ताकदीचे पुढे बघू.” बँकेच्या टेबलावर हेच वाक्य मी कितीतरी उमद्या तरुण उद्योजकांच्या तोंडून ऐकू इच्छित होतो. ते ऐकायला मिळाले ते गॅरेजमध्ये, ग्रीसने काळे झालेल्या हातांनी हिशेबाचा कागद घडी घालणाऱ्या माझ्याच मुलाकडून.

मोटार पूर्ण व्हायला आणखी दोन वर्षे लागली. सरकारी तपासणीत ती पहिल्या वेळी हँडब्रेकवर अडली. दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाली. नात आता तिच्यात बसते, आणि सूनबाईही. इंजिन अजून २२५ अश्वशक्तीचेच आहे.

दर वर्षी मार्चच्या शेवटी, थंडी सरली की, मुलगा मोटार जॅकवर घेतो, चाके काढतो आणि मागच्या शाफ्टचे चारही सांधे हाताने हलवून पाहतो. त्या दिवशी मला फोनवर एका ओळीचा निरोप येतो, ‘अण्णा, चारही घट्ट.’ मी माझ्या डायरीत तारीख लिहून ठेवतो.